अर्धी चघळलेली थरांची गोळी कागदाला चिकटू नये म्हणून

जॉब्रेकरसारखी मोठी, थराथरांची, चघळायची कडक साखरेची गोळी एका बैठकीत संपत नाही. ओलीच कागदात गुंडाळली की तासाभरात कागद असा चिकटतो की पुढच्या वेळी त्याचे तुकडेच तोंडात येतात.

१. गोळी थंड पाण्याखाली दोन-तीन सेकंद धरा. गरम पाणी नको, वरचा थर लगेच विरघळतो.

२. स्वच्छ सुती कापडाने टिपा. घासलं तर रंग कापडावर उतरतो.

३. बाटलीचं धुतलेलं, कोरडं झाकण उताणं ठेवून त्याच्या कडेवर गोळी बसवा. नुसती कड टेकते, त्यामुळे खालची बाजूही वाळते. हात लावल्यावर बोट चिकटेनासं झालं की झालं. दमट हवेत जास्त वेळ लागतो.

४. मग बटर पेपरात गुंडाळून लहान हवाबंद डबीत. फ्रीजमध्ये नको: बाहेर काढताच दव धरतं आणि सगळी मेहनत वाया.

मऊ करायला म्हणून ही गोळी मायक्रोवेव्हमध्ये मात्र कधीच घालू नका. आतले थर वितळून प्रचंड तापतात, बाहेरचं कवच कडकच राहतं आणि गोळी फुटून तोंड भाजू शकतं. लहान मुलांच्या हाती तर ती देऊच नका, घशात अडकते.