काल्पनिक जगाचा नकाशा करताय? या चुका टाळा

माझ्या ओळखीतली कॉलेजची पोरं लॅपटॉप उघडून समोर बसतात आणि म्हणतात, "सॉफ्टवेअरनं नकाशा खाल्ला." मी एवढंच विचारतो, शेवटचं बटण कोणतं दाबलंस? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आधी जमिनीची उंची, मग नद्या, मग राज्यं आणि गावं, आणि सगळ्यात शेवटी नावं. हा क्रम सोडला की गडबड होतेच. पण पहिल्याच संध्याकाळी राजधानीचं नाव सोनेरी अक्षरांत दिसायला हवं असतं, त्याला काय करणार!

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे भरलेल्या नकाशाची उंची बदलायला जाणं. आझगारचा फँटसी मॅप जनरेटर हा नकाशा बनवणारा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतो, फुकट आहे, म्हणून बहुतेकांची सुरुवात त्यावर होते. त्यात उंची बदलायला गेलात की तीन पर्याय येतात: इरेज, कीप आणि रिस्क. इरेज घेतला तर नद्या, गावं, राज्यं, सीमा सगळं पुसलं जातं आणि प्रोग्रॅम ते आपल्या मनाने नव्याने घडवतो. कीपमध्ये तुमची माहिती शाबूत राहते, पण किनारा हलवता येत नाही. रिस्कमध्ये किनारा हलतो आणि जुनी माहिती जमेल तेवढी परत बसवली जाते, त्यात चुका निघू शकतात. हे सगळं त्याच खिडकीत लिहिलेलं असतं, वर "आधी नकाशा सेव्ह करा" असंही सांगितलेलं असतं. वाचतं कोण?

नागपुरात नंदनवन भागात राहणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच आला होता. त्याच्या जगात एक बंदर होतं आणि त्याला तिथे खाडी हवी होती. त्याने इरेज घेतला, ब्रश फिरवला, काम संपवलं. खाडी छान झाली. बाकीचा देश गेला. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गावांवरून बेतलेली नावं, दोन राज्यांमधली भांडणाची सीमा, काहीच उरलं नाही. त्या जागी प्रोग्रॅमने दिलेली परकी नावं. "काका, मी काहीच नाही केलं जी, फक्त खाडी पाडून राहिलो होतो." त्याच्याकडे .मॅप फाइल, म्हणजे प्रोग्रॅममधून सेव्ह केलेला पूर्ण नकाशा, नव्हती. मित्रांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एक चित्र तेवढं होतं, तेही दाबून बारीक झालेलं. ते चित्र आम्ही इरेजमधल्याच चित्रावरून उंची काढणाऱ्या सोयीत घातलं, रंगांना उंची नेमून दिली आणि जमिनीचा आकार परत मिळवला. गावं मात्र त्याच्या वहीतून एकेक करून हाताने लावावी लागली. बिचाऱ्याने चिकाटीने लावली, याचं मला कौतुक वाटतं.

खाडीसाठी खरं तर रिस्क हवा होता. या प्रोग्रॅममध्ये उंची ० ते १०० असते आणि २० च्या खाली गेलेली जागा पाणी होते. म्हणजे किनाऱ्यालगत उंची १८-१९ वर आणली की काम झालं. माझी सवय अशी: उंचीला हात लावण्याआधी .मॅप फाइल संगणकावर उतरवायची, नावापुढे तारीख टाकायची, मगच पुढे. ब्राउझरमधल्या साठवणीवर मी कधीच विसंबत नाही. लॅपटॉप मंद झाला म्हणून कोणी ब्राउझरचा सगळा डेटा साफ केला की नकाशाही त्याबरोबर जातो. आणि "सीड नंबर लिहून ठेवलाय" हे समाधान पुरेसं नाही. सीड म्हणजे प्रोग्रॅम ज्या आकड्यावरून नकाशा घडवतो तो. सीडवरून मिळतो तो पहिला, कोरा नकाशा, तोही कॅनव्हासचा, म्हणजे नकाशाच्या पानाचा, आकार आणि बाकीची सेटिंग्ज तीच ठेवली तर. तुम्ही हाताने केलेलं काम सीडमध्ये नसतं.

नदी डोंगर चढताना दिसली तर समजा की नदी आधी आखली आणि उंची मागाहून वाढवली. नद्या पुन्हा तयार करण्याची आज्ञा द्या, पण त्याआधी नद्यांची नावं कागदावर उतरवा. नदी मधेच फुटून दोन समुद्रांना मिळते, हा नकाशा तर मी दर थोड्या दिवसांनी पाहतो. अरे, आपल्या नाग नदीकडे बघा. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघते, शहरातून जाते, पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. वाटेत सगळा मिळण्याचाच कारभार. गोदावरीला फाटे फुटतात ते थेट समुद्राजवळ, त्रिभुज प्रदेशात.

कॅम्पेन कार्टोग्राफर हा दुसरा नकाशा-प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: शीट (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि लेयर (वस्तूंचे गट) एक नाहीत. काय वर दिसणार हे शीट ठरवते, आणि यादीत खाली असलेली शीट चित्रात वर येते. रस्ता जंगलाखाली गायब झाला तर आधी तिथे बघा. लाल फुली दिसली तर चित्राची फाइल सापडत नाहीये. काम करताना सावल्यांसारखे इफेक्ट बंद ठेवा.

डोंगर कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे लावत या, म्हणजे पुढचा डोंगर मागच्यावर नीट बसतो.

आझगारमध्ये नकाशा ज्या बिंदूंवरून घडतो ते नेहमीचे १०,००० पुरतात. मे महिन्यात कूलरसमोर बसून १,००,००० बिंदूंचा नकाशा ओढाल तर लॅपटॉप तापून रखडणारच.

आता मराठी नावं. इथे माझा जीव खरंच तुटतो, कारण मेहनतीने केलेला नकाशा नावांपाशी येऊन विद्रूप होतो. देवनागरी अक्षरं जुळवायची सोयच काही नकाशा-प्रोग्रॅममध्ये नसते. 'विंध्यकोट' लिहिलं की पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते, ध चा पाय मोडतो आणि य वेगळा उभा राहतो. मुलं फॉन्टमागून फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा यात दोष नाही, तो बदलून काही होत नाही. मग कोणीतरी शॉर्टकट सांगतं: युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचा कृतिदेवसारखा फॉन्ट घ्या. त्यात अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्याने जोडाक्षर दिसतं बरोबर. पण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की विंध्यकोटाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. नाव शोधताही येत नाही. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

मी नावांशिवायचा नकाशा पीएनजी चित्र करून बाहेर काढतो आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी या युनिकोड फॉन्टमध्ये नावं लिहितो. तिथे जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागेवर येतं. एक पथ्य पाळा. इंग्रजी नकाशांत मोठ्या प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द पडक्या कुंपणासारखा दिसतो. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, अक्षरं मोठी करा, दोन शब्दांमध्ये हवी तेवढी जागा सोडा. नाव डोंगररांगेवरून वळवायचं असेल तर वळण अगदी हलकं द्या. जोरात वळवलं तरी शिरोरेषेला फटी पडतात.

छपाईचं गणित सुरुवातीलाच करा. ए-३ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. छोटं चित्र नंतर ताणून गावांची नावं वाचता येत नाहीत, सीताबर्डीतला छपाईवाला तरी काय करेल? पूर्ण नकाशा टाकण्याआधी सगळ्यात बारीक नावं असलेला एक तुकडा ए-४ वर त्याच मापात छापून घ्या, आणि तो हातभर अंतरावर धरून वाचता येतो का बघा. नसेल येत तर इंकस्केपमध्ये परत जाऊन अक्षरं वाढवा.