जुन्या गाडीचं सस्पेन्शन नव्या चासीवर चढवण्याआधी

शेवटी करायची गोष्ट आधी सांगतो, कारण शेवटी माणूस थकलेला असतो. आर्म म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या बोल्टाभोवतीची रबरी नळी. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर उचललेली, असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी राहिली, तिच्यात तिचं पूर्ण वजन आलं, की मगच. हे खाली पुन्हा येणार आहे.

घरी बांधायच्या गाडीला बहुतेक जण मारुती ८०० चे भाग घेतात आणि ते बरोबरच आहे. १९८३ ते २०१४ ती निघत होती, त्यामुळे भंगारात सापडते आणि बुश, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा), बेअरिंग नवे मिळतात. सांगली-मिरजेकडची गाडी घेताना २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडाली होती का, ते स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सीटच्या रुळांखाली आणि वायरिंगच्या कनेक्टरात बोट घाला, बारीक गाळ हाताला लागतो. बुडालेली असेल तर बेअरिंगचा विचारच सोडा. पत्र्याच्या आर्मच्या पोटातही गाळ साचून आतून गंज धरतो. आरसी रद्द करण्याचं काम गाडी मोडायच्या आधी.

फोटो, डावं-उजवं लिहिलेली लेबलं, डब्यात बोल्ट: हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट म्हणजे जॅक लावण्याआधी, गाडी चाकांवर असताना खालच्या आर्मचा आडव्या रेषेशी असलेला कोन मोजून लिहून ठेवणं. मोबाईलची लेव्हल पुरते. एकदा जॅक लागला की तो कोन गेला.

स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाचा, वरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय ढिला करू नका. समोरासमोर दोन हूकवाले कॉम्प्रेसर, दोन्ही थोडेथोडे आलटून पालटून, आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत नाही. तारेनं बांधून काम भागवणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका. स्प्रिंग गॅसनं कापून गाडी खाली बसवायचा सल्लाही कोणीतरी देईल. उष्णतेनं पोलादाचा ताव जातो आणि वेटोळं कमी झालं की स्प्रिंग आणखी कडक होते. मूळ गाडी सुमारे ६५० किलोची, तुमची त्याहून हलकी होणार, म्हणजे स्प्रिंग आधीच जास्त कडक आहे.

मग तपासणी. नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणारा आणि स्टिअरिंगनं वळणारा भाग, डिझेलनं धुवा, वायर ब्रशनं घासा, पूर्ण कोरडं करून भेगा दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटचा लाल स्प्रे मारा, डब्यावर दिलेला वेळ थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ उठली तर तो भाग भंगारात. स्टिअरिंगचा हात जिथून निघतो ती जागा आणि स्ट्रटच्या बोल्टांची भोकं नीट बघा. नकल वेल्ड करायचं नाही, तापवून सरळही करायचं नाही. डावा आणि उजवा आर्म सपाट फरशीवर आरशातल्या प्रतिमेसारखे मांडून मापं जुळवा. बॉल जॉइंट चांगला वाटला तरी नवा.

आता कोटिंग. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत पावडर कोटिंग सहज होतं, पण भाग देताना शेजारी उभं राहून सांगा. पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजते, म्हणून बुश, सील, बॉल जॉइंट सगळं आधी काढलेलं हवं. पावडरीआधी भाग धुण्याच्या सात टाक्यांच्या प्रक्रियेत गंज काढायची टाकी ॲसिडची असते. स्प्रिंगा आणि १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडचे (डोक्यावर आकडा असतो) बोल्ट तिच्यात घालू नका, ॲसिडमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पुढे भाग अचानक तुटतो. बेअरिंगची बैठक, बॉल जॉइंटचं टेपर, आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचे सपाट भाग झाकून घ्या. बोल्टखाली पावडरचा थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानं गंज काढणं) झालं की त्याच दिवशी प्रायमर, पावसाळ्यात तर दुपारची संध्याकाळ करू नका.

बुश. जुना जाळून काढू नका, धूर विषारी असतो आणि आर्म तापतो. रबर ड्रिलनं पोखरा, बाहेरच्या नळीला हॅक्सॉच्या पात्यानं चीर द्या, भोकाच्या भिंतीला न लागता. नवा बुश प्रेसवर बसवताना जोर फक्त बाहेरच्या नळीवर, मापाचा पाइप लावून. साबणाचं पाणी चालतं, तेल-ग्रीस नाही, रबर फुगतं.

आणि आता तेच. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते आणि आर्म हलतो तो फक्त रबर पिळून. चाक लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं, तोवर गाडी उंच बसते आणि तुम्ही दोष स्प्रिंगला देता. घरच्या गाडीत हा धोका जास्त, कारण सस्पेन्शन चढतं तेव्हा चासीवर इंजिन नसतं, सीट नसते, काही नसतं. ती चाकांवर उभी केली तरी ती खरी उंची नव्हे! पॉलियुरेथेनचा बुश नळीवर फिरतो, त्याला हा नियम नाही, त्याला त्याचं सिलिकॉन ग्रीस लागतं.

म्हणून चढवताना नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, आपोआप ढिले न होणारे) वापरूच नका. साधे नट हातानं लावा आणि आवळायचा राहिलाय याची खूण म्हणून प्रत्येकाला लाल चिंधी बांधा. नायलॉक शेवटी, नवे, एकदाच.

बेअरिंग: नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार. दोन बेअरिंगांमधला स्पेसर विसरू नका. इंजिन मागे असेल आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह नसेल, तर बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) दांडा जागेवर ठेवून हब नट पूर्ण टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळा. त्या दांड्याशिवाय बेअरिंग एकत्र धरून ठेवणारं काहीच नसतं. ८०० च्या खालच्या आर्मला पुढेमागे अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) धरतो, तो काढायचा असेल तर त्याच्या जागी आर्मला तसंच धरणारा टेन्शन रॉड हवाच.

ब्रेकच्या कॅलिपरला नवं सील किट, ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४. ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, दोरी ताणून मोजा.

शेवटचं आवळणं: इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी, अर्धी टाकी पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर सिमेंटचं ५० किलोचं पोतं आणि वर वीस किलो. गाडी चार-पाच मीटर पुढेमागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे जॅकवरून उतरताना अडकलेले टायर मोकळे होतात. मग गॅरेजच्या खड्ड्यावर, चाकं जमिनीवरच, नायलॉक लावून मॅन्युअलच्या टॉर्कनं. आर्मचा कोन लिहून ठेवलेल्याशी ताडून बघा. पुढे कधी स्प्रिंग बदलली किंवा उंची बदलली, तर हेच बोल्ट ढिले करून पुन्हा चाकांवर आवळायचे. शंभर किलोमीटरनंतर सगळे टॉर्क परत.