कळप राखायचा तर बोकडाचं कूळ विचारा

आमच्या तुळजापूर तालुक्यात शेळी घ्यायला माणूस आला की दात बघतो, मग कास बघतो. तिच्या पोटातलं करडू कोणत्या बोकडाचं, हे क्वचितच कुणी विचारतो. उस्मानाबादी या आपल्या भागातल्या जातीच्या शेळ्यांचा कळप पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट ठेवायचा असेल तर सुरुवात तिथूनच करा. शेळ्या पाच असोत की तीस, पुढच्या पिढीत निम्मी जनुकं बोकडाकडूनच येतात.

कळपात जनुकांची विविधता किती, याचं गणित सोपं आहे. शेळ्या आणि बोकड यांचा गुणाकार करा, त्याला 4 नं गुणा, मग दोघांच्या बेरजेनं भागा. 30 शेळ्यांना 1 बोकड असेल तर उत्तर येतं 3.9. म्हणजे गोठ्यात 31 जनावरं दिसली, तरी जनुकांच्या विविधतेच्या हिशेबात तो कळप चारांएवढाही नाही. शेळ्या 80 केल्या तरी आकडा चारच्या आतच राहतो. दुसरा बोकड आणला की 30 शेळ्यांवरच तो 7.5 होतो. म्हणून पैसे आले की आणखी शेळ्या घेण्याआधी बोकडाचा विचार करा, असं मी आमच्या गटातल्या बायांना कळकळीनं सांगते.

गाभणकाळ पाच महिन्यांचा, पाट, म्हणजे तरुण शेळी, माजावर यायला सात-आठ महिने. म्हणजे बोकड लावल्यापासून साधारण वर्षभरात त्याच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या राहतात. त्याआधी तो हलवा. बाप-लेकीच्या संकरातून झालेली करडं अशक्त निघण्याचा, लवकर मरण्याचा धोका वाढतो, पुढं जुळीही कमी होतात. नर करडं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वेगळी बांधा.

नवा बोकड दुसऱ्या गावचा घ्या, पण उस्मानाबादीच. बाहेरून रक्त आलं की विविधता वाढते हे खरं. मात्र सिरोही, बोअर अशा बाहेरच्या जातींचे बोकड सरसकट लावत गेलं तर आपल्या उन्हात, बाभळीच्या पाल्यावर तगणारे गुण पातळ होत जातात. अदलाबदल करत असाल तर बदल्यात आपल्याच जुन्या बोकडाचा पोरगा येत नाही ना, ते विचारा. त्यासाठी कानात बिल्ला आणि वहीत आई, बाप, जन्मतारीख एवढं हवंच.

बकरी ईदला सगळ्यात भरदार बोकडाला भाव चांगला मिळतो आणि तोच जातो. मागं राहिलेला खुजा नर कळपाचा बाप होतो. दरवर्षी असंच झालं तर निवड उलट्या दिशेनं होते. ईदच्या आधीच पैदाशीचे दोन नर बाजूला काढा. घरात पैशाची कितीही नड असली तरी.

दुष्काळात चारा संपला की विक्री अटळ असते. तेव्हा एकाच चांगल्या शेळीच्या सगळ्या लेकी ठेवून बाकीच्या विकू नका. प्रत्येक आईची एकेक पाट ठेवा. छोट्या कळपात कोणतं जनुक टिकेल आणि कोणतं जाईल हे बरंचसं योगायोगावर असतं, आणि एकदा गेलेला गुण आपोआप परत येत नाही. नवीन गुण उत्परिवर्तनानं, म्हणजे जनुकात अचानक होणाऱ्या बदलानं येतात, पण ते इतकं सावकाश घडतं की आपल्या हयातीत त्याच्या भरवशावर राहता येत नाही. रंगाचंही तसंच. उस्मानाबादी बहुतेक काळीच असते, पण तपकिरी किंवा ठिपक्यांची पाट निघाली म्हणून तेवढ्यावरून तिला बाजार दाखवू नका.

नवा बोकड आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस झाली आहे का ते बघा, मगच कळपात सोडा.