ओंकारेश्वरची लहान परिक्रमा : इंदूरहून एका सकाळची नदीकाठची फेरी

इंदूरच्या मराठी घरांत ओंकारेश्वर ठाऊक असते ते दर्शनासाठी. पहाटे निघायचे, रांगेत उभे राहायचे, ममलेश्वराला जाऊन यायचे आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतायचे, असा ठरलेला क्रम असतो. ओंकारेश्वराचे देऊळ ज्यावर आहे त्या नर्मदेतल्या मांधाता बेटाला वळसा घालून पुन्हा देवळाशी आणून सोडणारी सुमारे 7 किलोमीटरांची पायवाट मात्र बहुतेकांची राहून जाते. एरवी रोज तास-दीड तास फिरणाऱ्या कोणालाही ती सहज जमते. अंतराचा त्रास कोणाला होत नाही. त्रास होतो तो उशिरा निघाल्याचा आणि पाण्याशी सलगी केल्याचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात बेट हिरवेगार दिसते, परंतु दगडांवर शेवाळ साचते आणि श्रावणात गर्दी आवरत नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपण घरी मराठी पंचांग पाहतो, तर ओंकारेश्वरात सर्व व्यवहार उत्तरेकडच्या पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणाऱ्या, महिन्यांप्रमाणे चालतो, त्यामुळे तेथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच लागतो. ‘अजून आषाढच चालू आहे, गर्दी नसेल’ अशा समजुतीने गेलेल्या मंडळींना थेट श्रावणी सोमवारच्या गर्दीत सापडावे लागते. शक्य असेल तर सोमवार, अमावास्या आणि पौर्णिमा टाळून आठवड्यातला साधा दिवस निवडावा.

इंदूरहून सिमरोल, बडवाह आणि मोरटक्का या मार्गाने ओंकारेश्वर सुमारे 80 किलोमीटर पडते. घाटात आणि मोरटक्क्याच्या पुलाजवळ वाहने खोळंबतात, म्हणून पहाटे पाचला घर सोडावे. खंडव्याच्या बसने जाणाऱ्यांनी मोरटक्क्याला उतरून पुढच्या साधारण 12 किलोमीटरांसाठी दुसरे वाहन घ्यावे. गाडी दक्षिण काठावरच ठेवावी लागते. तेथून जुन्या पुलाने किंवा झुलत्या पुलाने चालत बेटावर जाता येते.

आधी दर्शन की आधी परिक्रमा, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. रीतीप्रमाणे ओंकाराचे दर्शन घेऊन निघावे आणि परत येऊन पुन्हा दर्शन घ्यावे. परंतु रांगेत दोन तास गेले तर परिक्रमेचा चढ नेमका उन्हात येतो, म्हणून मी बाहेरूनच कळसाला हात जोडतो, चालायला लागतो आणि सविस्तर दर्शन परतल्यावर घेतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा क्रम आजही पटलेला नाही.

देऊळ बेटाच्या दक्षिण काठावर आहे. तेथून पश्चिमेकडे तोंड करून निघावे, म्हणजे बेट उजव्या हाताला आणि नर्मदा डाव्या हाताला राहते. संपूर्ण नर्मदेची परिक्रमा करणारे परिक्रमावासी मैयाला उजव्या हाताला ठेवतात. येथे प्रदक्षिणा बेटाला असल्यामुळे बाजू उलटते. त्या परिक्रमावासींना नर्मदा ओलांडता येत नाही, म्हणून ओंकारेश्वराहून परिक्रमा उचललेला मनुष्यही ती पूर्ण होईपर्यंत या बेटावर पाऊल ठेवत नाही. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘नर्मदे हर’ म्हणावे; या वाटेवर नमस्काराची पद्धत तीच आहे.

पहिला टप्पा जवळपास सपाट आहे. दुकाने मागे पडली की नदी मोकळी दिसू लागते आणि पुढे बेटाच्या पश्चिम टोकाला संगम येतो. येथे नर्मदेला मिळणाऱ्या प्रवाहाला कावेरी म्हणतात. दक्षिणेतल्या कावेरीशी तिचा संबंध नाही. संगमाजवळच्या ऋणमुक्तेश्वराला हरभऱ्याची डाळ वाहण्याची प्रथा आहे. डाळ वाहिली की कर्ज फिटते अशी श्रद्धा असल्यामुळे गाभाऱ्यात पिंडीभोवती पिवळा सडा पडलेला असतो.

संगमावर अर्धा तास थांबावे, मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बेटाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण असून त्याचे वीजगृह 520 मेगावॅट क्षमतेचे आहे. तेथून पाणी सोडले की खालची पातळी बघता बघता चढते आणि मघाशी कोरडा असलेला खडक चारी बाजूंनी पाण्याने वेढला जातो. भोंगा ऐकू येताच, हातातले काम अर्धवट टाकून, काठावर यावे. नदीच्या मध्यावरच्या खडकांवर छायाचित्रासाठी जाऊच नये, आणि स्नान करायचेच असेल तर ते देवळाजवळच्या घाटावर, साखळी धरून करावे. येथले गोटे हातात घेऊन पाहण्यासारखे आहेत : प्रवाहात घासून गुळगुळीत झालेले, कधी मधाच्या, कधी राखेच्या रंगाचे, आणि काहींवर जानव्यासारखी बारीक पांढरी रेघ. हेच गोटे ओले असताना पायाखाली साबणासारखे निसटतात.

संगमानंतर खरा चढ सुरू होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी येथूनच आल्या वाटेने परत फिरावे. त्यात कमीपणा काही नाही. नावेने संगमापर्यंत जाऊन येण्याची सोयही असते, मात्र भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. इतरांनी पायऱ्या सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगाने चढाव्यात. वर गौरी सोमनाथाचे उंच देऊळ आहे. आतले शिवलिंग पुरुषभर उंचीचे, काळ्या दगडाचे असून मामा-भाच्याने मिळून कवेत घेतले तरच त्याला मिठी बसते, असे सांगतात. पूर्वी एकदा मे महिन्यात आम्ही मुलांना घेऊन दहा वाजता निघालो आणि भर दुपारी या अंगणात पोहोचलो. चपला बाहेर काढल्यावर फरशी इतकी तापलेली होती की धाकटा माझ्या पावलांवर उभा राहून आत आला, आणि पाणी तर केव्हाच संपले होते. तेव्हापासून पिशवीत प्रत्येकाचा जाड मोज्यांचा एक जुना जोड आणि माणशी दीड लिटर पाणी असते.

माथ्यावर वाट बरीचशी सपाट आहे. जुन्या तटबंदीचे अवशेष लागतात, आणि 2023 साली उभारलेला आदि शंकराचार्यांचा 108 फुटांचा पुतळा दिसतो. काळतोंडी वानरे याच भागात अधिक असतात. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये, प्रसादही आत ठेवावा, आणि वानराने काही ओढलेच तर ते सोडून द्यावे.

सिद्धनाथाच्या देवळाला वीस मिनिटे राखून ठेवावीत. शिखर राहिलेले नाही, परंतु कोरीव खांब आहेत आणि चौथऱ्याभोवती एकमेकांशी झुंजणाऱ्या हत्तींच्या शिल्पांची रांग आहे. सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हा हत्तींच्या पायाखाली चिरडलेली माणसेही स्पष्ट दिसतात. अनेक जण चौथऱ्यावर बसून डबा खातात आणि ती न पाहताच उठतात. येथून धरणाची भिंतही दिसते. पुढचा उतार मात्र पायऱ्यांचा आहे. चढापेक्षा तोच गुडघ्यांना अधिक जाचतो, म्हणून काठी असेल तर ती येथे वापरावी.

थांबत-थांबत चालले तरी तीन तासांत फेरी पूर्ण होते. सातला निघालेला मनुष्य दहाच्या सुमारास पुन्हा देवळाशी येतो, आणि मग रांग कितीही लांब असली तरी ती सावलीतून जाते.