मलूल झालेला मऊ प्रवाळ: आधी हात आवरा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतला लेदर कोरल (चामड्यासारखा दिसणारा मऊ प्रवाळ) दोन दिवस मिटून बसला आणि त्यावर मेणासारखी चकचकीत साय दिसली, तर घाबरू नका. तो कात टाकतोय. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, असाच राहतो. पंपाचा झोत थेट न मारता, आळीपाळीने वाहणारा प्रवाह थोडा वाढवा. साय आपोआप सुटते.

खरी काळजी वेगळीच. देठ मऊ पडून काळपट होतोय, तपकिरी बुळबुळीत थर चढतोय, कुजका वास येतोय? मग थांबू नका. टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन, धारदार ब्लेडने सडलेला भाग थोड्या निरोगी मांसासकट कापा. कोरलसाठीच्या आयोडीन द्रावणात बाटलीवरच्या प्रमाणाने बुडवून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच; झोअँथिड (बटणांसारखे, झुपक्याने वाढणारे प्रवाळासारखे जीव) असेल तर फारच जपा, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

पाणी तपासायचंच: खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट मात्र नको, मऊ प्रवाळांना थोडं लागतंच. हे प्रवाळ शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनंही सोडतात, म्हणून ताजा सक्रिय कोळसा घाला आणि १०-१५ टक्के पाणी बदला.

दिवे, जागा, पाणी सगळं एकाच दिवशी बदललं की बिचाऱ्याला सावरायला उसंतच मिळत नाही. एक बदल करा, चार-पाच दिवस पाहा, मगच पुढचा.