अ‍ॅक्टिंग करताय आणि स्वतःची फिल्म काढायचीय? मग आधी एडिटला बसा

नटाला सीन कळतो, ते वेगळं शिकवावं लागत नाही. समोरचा खरंच ऐकतोय की नुसता आपल्या डायलॉगची वाट बघतोय हे तुम्हाला लगेच जाणवतं, आणि कॅमेऱ्यात हुशार असलेल्या कित्येक डायरेक्टरांना हेच जमत नाही. घोडं अडतं ते पुढे. आपण शॉट देतो, पॅकअप होतं, घरी जातो, त्या फुटेजचं नंतर काय होतं ते बघायला नटाला कोण बोलावतंय!

म्हणून कॅमेरा घ्यायच्या आधी एडिटिंग शिका, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन त्यासाठी भरपूर झालं. ज्या शॉर्टफिल्ममध्ये काम केलंय त्यांच्याकडून एका सीनचं रॉ फुटेज मागा आणि स्वतः कापा. वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) कप डाव्या हातात आहे, क्लोजमध्ये (जवळून घेतलेल्या) उजव्या, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत, आणि अ‍ॅक्टिंग नेमकी त्याच क्लोजमध्ये भारी झालीय, आता मधे टाकायला समोरच्याची रिअ‍ॅक्शन शोधा तर ती कोणी घेतलेलीच नाही. हे एकदा भोगलं की शॉट डिव्हिजन करताना, म्हणजे सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते ठरवताना, आपोआप शहाणपण येतं.

स्क्रिप्ट छोटी ठेवा, दोन-तीन पात्रं, एकच जागा. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. ऑस्करला 40 मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्टमध्ये चालते, क्रेडिट्स धरून, पण म्हणून पहिलीच 40 मिनिटांची करू नका हो, 10-12 मिनिटांची फिल्म फेस्टिव्हलवाल्यांना स्लॉटमध्ये बसवायला सोपी जाते.

पैसे कमीच असणार, तर ते साउंड रेकॉर्डिस्टवर घाला. चित्र जरा डावं असलं तरी लोक बघतात, डायलॉग ऐकू आला नाही की बंद करतात. प्रत्येक लोकेशनला सगळ्यांना गप्प उभं करून 30 सेकंद रूम टोन, म्हणजे त्या जागेचा कोणी बोलत नसतानाचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. घरात शूट असेल तर फ्रिज बंद, आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही (जुनी युक्ती आहे, पण चालते).

लीड स्वतः करायचा मोह पहिल्या फिल्मला टाळा. अगदीच करायचा असेल तर मॉनिटरवर असा माणूस बसवा जो तोंडावर "नाही जमलं, परत" म्हणेल. रिहर्सल मात्र पोटभर करा, ती फुकट असते आणि तिथे तुमचा हात कोणी धरणार नाही.

आणि अ‍ॅक्टिंगची कामं सोडू नका. अमेरिकन नट-डायरेक्टर जॉन कॅसाव्हेटीस दुसऱ्यांच्या सिनेमात कामं करून तेच पैसे स्वतःच्या फिल्ममध्ये घालायचा.

गाणं वापरणार असाल तर गाण्याची रचना आणि त्याचं रेकॉर्डिंग, दोन्हीचे हक्क वेगवेगळे घ्यावे लागतात, त्यापेक्षा ओळखीच्या कोणाकडून नवं संगीत करून घ्या, लेखी करारासकट. फिल्म झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका, काही फेस्टिव्हल्सना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. पासवर्डवाली लिंक पाठवा आणि फी भरायच्या आधी प्रत्येकाचे नियम वाचा.