‘बासष्टसालची थंडी’ पुन्हा येईल का, हे घरबसल्या कसं तपासायचं

ठाण्यात येऊरच्या डोंगरावरून पहिला गार वारा खाली उतरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. यंदा शंभर वर्षांतली सर्वांत कडाक्याची थंडी पडणार, हा पहिला. हवामानच बदललं, आता स्वेटर देऊन टाका, हा दुसरा. पाठवणारी माणसं शहाणी असतात, पण आकडा कुठला, कुठे मोजला, कधीपासूनचा, हे कुणी विचारत नाही. माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमध्ये इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशनच्या कामात गेली. तापमापक खरं बोलतोय की नाही हे तपासणं, हेच काम. म्हणून थंडीचा दावा कसा पारखायचा आणि आपल्या गॅलरीत स्वतःची नोंद कशी ठेवायची, ते सांगतो.

आकडा समोर आला की आधी ठिकाण विचारा. २२ जानेवारी १९६२ ही मुंबईच्या थंडीतली सर्वांत प्रसिद्ध तारीख. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आणि कुलाब्यात ११.७. एकाच शहरात, एकाच दिवशी चार अंशांहून जास्त फरक! कुलाब्याला समुद्राने वेढलंय, आणि पाणी रात्री जमिनीइतकं झपाट्याने निवत नाही. सांताक्रूझ त्या मानाने आत आणि मोकळं. आपल्याकडेही तलावपाळीचा गारठा आणि घोडबंदर रोडला डोंगराच्या कुशीतला गारठा एक नसतो, आणि बदलापूर-कर्जतकडे पारा आपल्यापेक्षा खाली जातो हे लोकलने जाणारा कुणीही सांगेल. म्हणून नियम एकच: सांताक्रूझची तुलना सांताक्रूझशी, कुलाब्याची कुलाब्याशी. ‘बदलापूरला ११, म्हणजे मुंबईचा विक्रम मोडणार’ असं वाचलंत तर तो मेसेज तिथेच थांबवा.

मग विचारा, आकडा रात्रीचा की दिवसाचा? दिल्लीत सफदरजंगला १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ नोंदलं गेलं, ते किमान. डिसेंबर २०१९मध्ये दिल्ली गारठली ती मात्र दिवसा. धुक्याने ऊन जमिनीपर्यंत पोचू दिलं नाही आणि ३० डिसेंबरला कमाल तापमानच ९.४ अंश राहिलं. दोन्ही थंड्या खऱ्या, पण एकीचा आकडा दुसरीशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तेव्हा आणि आता मोजलेली वस्तू, जागा तीच आहे का? त्यासाठी थोडं लंडनला जावं लागेल. ‘पूर्वी थेम्स नदी गोठायची, आता गोठत नाही’ हे वाक्य थंडीवरच्या प्रत्येक चर्चेत येतं. खरंच आहे ते. १६८३-८४च्या हिवाळ्यात गोठलेल्या थेम्सवर दुकानं मांडून जत्रा भरली होती, आणि अशी शेवटची जत्रा १८१४मध्ये भरली. पण नदी म्हणजे तापमापक नव्हे. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९पासून सलग उपलब्ध आहे, जगातली सर्वांत लांब. तिच्यात डिसेंबर ते फेब्रुवारीची सरासरी १६८३-८४मध्ये उणे १.२ दिसते, १७३९-४०मध्ये उणे ०.४ आणि १९६२-६३मध्ये उणे ०.३. शेवटच्या दोन हिवाळ्यांत फरक जेमतेम एक दशांश. तरीही १७४०मध्ये लंडनला थेम्स गोठली आणि १९६३मध्ये वरच्या अंगाला गोठूनही मध्य लंडनमध्ये ती वाहतीच राहिली. कारण जुन्या लंडन ब्रिजच्या अरुंद कमानी पाणी अडवायच्या, प्रवाह मंद व्हायचा. तो पूल १८३१मध्ये पाडला, पुढे काठ बांधून नदी अरुंद आणि वेगवान केली. थंडी जवळपास तीच, पण मोजायची वस्तूच बदलली. आपल्या भागातही हेच झालंय. जिथे भातखाचरं होती तिथे आता टॉवर आणि डांबर आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर सोडतं. त्यामुळे ‘आमच्या लहानपणी कोलशेतला किती थंडी असायची’ या आठवणीत हवामानाचा बदल आहे आणि वस्तीचाही. दोन्ही वेगळे धरायला शिका.

आता मोजमाप. बाजारात वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं टोक असलेला, किमान-कमाल लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक मिळतो, तो घ्या. भिंतीवर लावायचं घड्याळ-कम-तापमापक नको, कारण ते बर्फात बुडवून तपासता येत नाही.

ही तपासणी जिवापाड करा. तोंड रुंद असलेला थर्मास घ्या. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक चुरा. थर्मास चुऱ्याने गच्च भरा आणि वरून गार पाणी एवढंच ओता की फटी भराव्यात, पण बर्फ तरंगू नये. बर्फ तरंगू लागला की तळाशी नुसतं पाणी उरतं आणि ते शून्याच्या वर असतं. प्रोब मधोमध ठेवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. हलकेच ढवळा, दहा मिनिटं थांबा. आकडा स्थिर झाला की तो शून्य असायला हवा. ०.४ दाखवत असेल तर तापमापकाच्या पाठीवर पट्टी चिकटवून ‘वजा ०.४’ लिहा आणि प्रत्येक नोंदीतून तेवढं कमी करा. मीठ मात्र चिमूटभरही नको. आइस्क्रीमच्या पॉटात मीठ घालतात ते याचसाठी, की मीठ-बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. दर वर्षी दिवाळीनंतर ही तपासणी पुन्हा करा, सेन्सर हळूहळू सरकतात.

प्रोब उघडा टांगू नका. रात्री उघड्या आकाशाकडे तोंड असलेली वस्तू हवेपेक्षा जास्त निवते आणि सकाळी उन्हाने भलतीच तापते. वेधशाळेत म्हणूनच पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. घरी नर्सरीतल्या कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या आणा, सहा पुरेत. त्या पालथ्या, एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून लांब बोल्टांवर चढवा. फटीसाठी जुन्या बॉलपेनच्या नळ्या कापून घालता येतात. वरची ताटली सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडा आणि प्रोब त्या पोकळीत लोंबू द्या. हवा खेळते, ऊन लागत नाही. हे सगळं गॅलरीत भिंतीपासून हातभर दूर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून लांब टांगा. वहीत तुमचा मजला जरूर लिहा. शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खाली बसते, तेव्हा तळमजला बाराव्या मजल्यापेक्षा गार असू शकतो.

सकाळी साडेआठला किमान वाचा आणि रीसेट करा. हवामान खातंही याच वेळी मागच्या चोवीस तासांचं किमान नोंदवतं. शेजारी आकाश, वारा, धुकं एवढे तीन शब्द लिहा. तुमचा आकडा सांताक्रूझच्या आकड्याहून सतत दीडेक अंश वर-खाली असेल तर बिघाड समजू नका, तो तुमच्या जागेचा स्वभाव. एका हिवाळ्यात तो फरक कळला की पुढे कुठलीही बातमी तुम्हाला आपल्या गॅलरीच्या भाषेत वाचता येते.

मोठी थंडी येणार असेल तर तीन गोष्टी जमून याव्या लागतात. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, हिमालयावरून पुढे सरकून काश्मीर-हिमाचलला बर्फ टाकून गेलेला हवा. त्यामागून उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान-गुजरातमार्गे कोकणात पोचले पाहिजेत. आणि इथलं आकाश स्वच्छ हवं, म्हणजे रात्री जमिनीची उष्णता बेधडक निघून जाते. अशा दिवसांत खारे वारेही दुपारी उशिरा सुरू होतात. ओठ फुटायला लागले, सकाळी पारसिकचा डोंगर कापल्यासारखा स्वच्छ दिसू लागला, की पारा उतरतोय समजा. उलट अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला आणि ढग आले की त्याच महिन्यात किमान विशीपार जातं. किनारपट्टीवर थंडीची लाट म्हणायची तर किमान १५ किंवा कमी आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली, असा हवामान खात्याचा निकष आहे. नुसतं ‘खूप गार वाटतंय’ म्हणजे लाट नव्हे.

मग बासष्टसाल परत येईल का? सांताक्रूझला फेब्रुवारी २००८मध्ये ८.५ नोंदलं गेलं, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनीही आपण त्या विक्रमापासून अंशभरच दूर होतो. तीन गोष्टी जमल्या तर अशी एखादी पहाट आजही येऊ शकते, हे माझं स्पष्ट मत. पण त्यानंतरचे आकडे बघा. २४ डिसेंबर २०१५ला ११.४. ९ डिसेंबर २०२४ला १३.७, आणि तीही मोठी बातमी झाली. उत्तरेकडून येणारी हवाच आता पूर्वीइतकी थंड निघत नाही, आणि वाटेतली जमीन, समुद्र, शहरं सगळं उबदार झालंय. रात्र परत येईल. आठवडेच्या आठवडे टिकणारा तसा मोसम येण्याची शक्यता वर्षागणिक घटतेय. इंग्लंडचं हेच उदाहरण: डिसेंबर २०१०ची सरासरी उणे ०.७ इतकी खाली गेली, पण १९६२-६३सारखा अख्खा हिवाळा त्यानंतर आलेला नाही.

‘हिमयुग येतंय’ म्हणणाऱ्यांचे तीन युक्तिवाद पटकन तपासून टाका. पहिला, ‘सूर्यावरचे डाग घटले की थंडी वाढते’. ते १६४५ ते १७१५ या काळात फार कमी होते हे खरं, पण त्याचा परिणाम अंशाच्या काही दशांशांचा, आजची तापमानवाढ त्याहून मोठी. दुसरा, ज्वालामुखीचा. तो खरोखर थंडी आणतो: एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियात तंबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच हरवला, १९९१च्या पिनाटुबोने जगाचं तापमान सुमारे अर्धा अंश खाली आणलं. पण तो परिणाम एक-दोन वर्षांत ओसरतो. तिसरा, ‘पृथ्वी सूर्यापासून लांब गेल्याने थंडी वाढणार’, हा तर दरवर्षी फिरतो. पृथ्वी सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला आणि सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला. थंडी अक्षाच्या कलण्यामुळे पडते.

शक्यता कमी म्हणून तयारी सोडायची नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये ध्रुवाकडची हवा खाली घसरली, डॅलसला उणे १९पर्यंत पारा गेला, वीज कोलमडली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. थंडीची सवय नसलेल्या गावाला ती जास्त मारते. आपल्याकडे १२-१३ अंशांत पत्र्याच्या खोलीतलं तान्हं बाळ, दम्याची आजी, गेटवरचे वॉचमनकाका आणि उड्डाणपुलाखाली झोपणारी माणसं आधी भरडली जातात. तेव्हा अंदाज १४च्या खाली गेला की वॉचमनच्या केबिनला वारा अडवणारं काहीतरी लावून द्या आणि माळ्यावरच्या जादा गोधड्या उन्हात घालून वाटून टाका. बंद खोलीत शेगडी किंवा शेकोटी कुणालाही पेटवू देऊ नका. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवूनच आंघोळ करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे गुदमरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. घरातल्या वृद्धांना पहाटेचा फेरफटका त्या दिवसांपुरता नऊनंतर ठेवायला सांगा, कारण जमिनीलगतच्या गार हवेच्या थरात कोंडलेला धूर ऊन चढेपर्यंत हलत नाही.